आधी वीज, मग अर्थ, शेवटी कॉम्प्युटर
जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या ईसीयूविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

या खेपेला आलेल्या बहुतेक पत्रांत एकच वाक्य आहे: "गॅरेजवाला म्हणतो, कॉम्प्युटर गेलाय." ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचे ईसीयू, म्हणजे इंजिनाचे कॉम्प्युटर, खरोखरच बिघडतात. वर्षाकाठी असे कितीतरी खोके माझ्या टेबलावर येतात. पण त्यांतले बरेच मी काही न करता परत पाठवतो, कारण त्यांत काही बिघडलेलंच नसतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचा हा प्रकार मालकाच्या खिशाला फार महाग पडतो. म्हणून या वेळी पूर्ण सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : माझी १९९१ सालची मित्सुबिशी इक्लिप्स टर्बो आहे. वर्षभरापासून थंड इंजिनाचं आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं मोकळं फिरणं) वर-खाली होतं, आठशेवरून दोन हजारांवर जातं आणि परत येतं. मध्येच चेक इंजिनचा दिवा मंद पेटतो. गेल्या आठवड्यात गाडी सुरूच झाली नाही, स्टार्टर फिरतो पण पेट्रोल पंपाचा आवाज नाही. गॅरेजमध्ये ईसीयू बदला म्हणाले. बदलू का? (नेपरव्हिल, इलिनॉय)

बदलू नका, आधी उघडून बघा. तुमची गाडी तुमच्याच राज्यात, नॉर्मल नावाच्या गावात डायमंड-स्टार या मित्सुबिशी-क्रायस्लरच्या संयुक्त कंपनीच्या कारखान्यात तयार झाली. ईगल टॅलन आणि प्लिमथ लेझर ही तिची सख्खी भावंडं. या तिघींच्या पहिल्या पिढीत तुम्ही लिहिलेली लक्षणं एकत्र दिसली की ईसीयूवर संशय घेणं रास्त आहे. मात्र संशय वेगळा आणि खात्री वेगळी. खात्री करायला अर्धा तास पुरतो.

सुरुवात बॅटरीपासून. स्टार्टर मारताना बॅटरीवर मीटर लावा. दहा व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिच्या केबल बघा, कारण कमी व्होल्टेजवर कुठलाही कॉम्प्युटर वेड्यासारखा वागतो. ते ठीक असेल तर किल्ली फिरवा, स्टार्टर मारू नका, आणि डॅशबोर्डकडे बघा. चेक इंजिनचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. हा दिवा ईसीयू स्वतः पेटवतो आणि विझवतो. पेटलाच नाही तर दोनच शक्यता उरतात: ईसीयूला वीज किंवा अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी जोडणी) मिळत नाही, नाहीतर मिळूनही तो जागा होत नाही. (दिव्याचा बल्ब उडालेला नाही ना, तेही बघून घ्या. एका गाडीत बल्बपायी माझे दोन दिवस गेले आहेत.)

यानंतर अर्थ. इथे ओहम मोजून उपयोग नाही. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं ईसीयूच्या अर्थच्या पिनला लावा, कनेक्टर जोडलेलाच असू द्या. किल्ली चालू करून हेडलाइट लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थच्या वाटेत कुठेतरी गंज आहे. तीस वर्षं मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत तो असतोच असं धरून चाला.

वीज आणि अर्थ दोन्ही बरोबर आणि तरी दिवा नाही, पंप नाही, असं असेल तर आता ईसीयू काढा. डॅशबोर्डखाली, मधल्या कन्सोलच्या पुढच्या टोकाला तो बसवलेला असतो. बॅटरीचा मायनस आधी काढून ठेवा. स्क्रू सोडून झाकण वर केलंत की डोळ्यांआधी नाकाने तपासा. या बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटलेले असतील तर सुकटीचा वास येतो. अगदी तोच, पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या डब्याचं झाकण पहिल्यांदा उघडल्यावर येतो तो. तो वास आला की माझं निदान निम्मं झालेलं असतं.

होतं असं की या कपॅसिटरच्या ॲल्युमिनियमच्या डबीत द्रव असतो आणि तळाशी रबरी बूच असतं. उष्णतेने आणि वयाने ते बूच सैल पडतं, द्रव हळूहळू पाझरतो आणि बोर्डावरचे तांब्याचे पट्टे खातो. वरून डबी शाबूत दिसते, फुगलेलीही नसते. टॉर्च तिरका धरून डबीच्या बुडाशी बघा. तपकिरी डाग, हिरवट तांबं, निस्तेज पडलेलं सोल्डर, यांपैकी काहीही दिसलं तर तिला काढायचंच. तुमच्या बोर्डावर अशा तीन डब्या आहेत, २२, ४७ आणि १०० मायक्रोफॅरडच्या. तिन्ही बदला. एक फुटली आणि दोन चांगल्या दिसतात म्हणून त्या ठेवल्या, तर वर्षभरात पुन्हा हेच काम निघतं.

काढताना ओढू नका. आधी सांध्यावर थोडं ताजं सोल्डर चढवा, जुनं सोल्डर त्यात मिसळून नीट वितळतं, मग ते शोषून घ्या. ओढलंत तर खालचा पॅड, म्हणजे बोर्डावरची तांब्याची टिकली, उचकटून हातात येईल. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने घासा. वास पूर्ण जाईपर्यंत घासा, कारण उरलेला द्रव नव्या कपॅसिटरखालीही तांबं खातच राहतो. मग मीटरच्या बीपवर प्रत्येक पट्टा तपासा. बोर्डाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारी बारीक भोकं आतून खाल्ली गेलेली असतात आणि वरून अजिबात कळत नाही. जिथे बीप नाही तिथे बारीक वायर टाकून जोडा. नवे कपॅसिटर १०५ अंशांचे घ्या, मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट जुन्याइतके किंवा जास्त, आणि डबीवरची पट्टी मायनसकडे.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मी स्वतः एका ग्राहकाच्या गाडीवर चुकून शिकलो. खूप वर्षांपूर्वी अशाच एका गाडीत मी दुरुस्त केलेला ईसीयू लावला आणि तो दुसऱ्या दिवशी जळला. दुसरा लावला, तोही गेला. तेव्हा कुठे मी आयडलची स्टेपर मोटर (आयडलिंगला हवा कमी-जास्त करणारी) मोजली. तिची एक कॉइल शॉर्ट होती आणि ती मोटर चालवणारी ईसीयूमधली चिप दर वेळी त्या शॉर्टमध्ये भाजून निघत होती. त्या ग्राहकाला दुसऱ्या ईसीयूचे पैसे मी परत केले. तेव्हापासून मोटर मोजल्याशिवाय एकही ईसीयू माझ्या टेबलावरून हलत नाही. तुमच्या गाडीत थ्रॉटल बॉडीखाली ती मोटर आहे, सहा पिनांची. दोन नंबरची पिन एक आणि तीनशी, पाच नंबरची चार आणि सहाशी मोजा. चारही वेळा २८ ते ३३ ओहमच्या दरम्यान आकडा यायला हवा. एखादा खूप कमी असेल तर मोटर बदला आणि मगच ईसीयू लावा. तुमचं आयडलिंग वर्षभर वर-खाली होत होतं, म्हणून तुम्हाला हे आवर्जून सांगतो आहे.

गाडी सुरू झाली की फॉल्ट कोड वाचा. या गाडीला १९९६ पासून अमेरिकेत सक्तीचा झालेला ओबीडी-२ (दोष वाचण्याचा प्रमाणित) कनेक्टर नाही, त्यामुळे बाजारातला स्कॅनर चालणार नाही. काट्याचा जुना व्होल्टमीटर डायग्नोस्टिक कनेक्टरला लावला की काटा हलतो: लांब झोके दशकाचे, छोटे झोके एककाचे. दोन लांब आणि एक छोटा म्हणजे २१, कूलंटचा तापमान सेन्सर. चार लांब, एक छोटा म्हणजे इंजेक्टर. न थांबता एकसारखे छोटे झोके येत राहिले तर सगळं ठीक.

प्रश्न : १९८७ ची पोर्श ९४४ घेतली. अर्धा-पाऊण तास चालवली की सिग्नलला अचानक बंद पडते. वीस मिनिटं थांबलं की सुरू होते. इथले एक जाणकार म्हणाले की डीएमई कॉम्प्युटर (पोर्शचा ईसीयू) गरम होऊन बंद पडतोय. मी पुण्याचा, इथे नोकरीसाठी आलोय, गाडीचं काम स्वतः करायची हौस आहे. (श्टुटगार्ट)

हौस आहे ना, मग ही गाडी तुम्हाला भरपूर शिकवेल. तुमच्यापासून तासाभरावर नेकारझुल्ममध्ये ती जोडली गेली आणि तिथल्या जुन्या मंडळींना पहिला प्रश्न विचारलात तर उत्तर मिळेल: "रिले बदललास का?"

गरम झाल्यावर मरणं आणि थंड झाल्यावर उठणं हे तीन ठिकाणी होऊ शकतं, आणि कॉम्प्युटर त्यात तिसरा आहे. पहिला डीएमई रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज याच एका रिलेतून जाते. आतल्या बोर्डावर जाड पायांच्या भोवतीचं सोल्डर वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने गोल तडकतं. भिंगातून बघितलं तर पायाभोवती केसाएवढी काळी रेघ दिसते. थंड असताना ती रेघ मिटलेली असते, तापलं की उघडते. झाकण काढून ते सांधे पुन्हा सोल्डर केले तरी चालतं, पण नवा रिले घेऊन जुना दुरुस्त केलेला ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा. गाडी बंद पडेल तेव्हा रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७बी या टोकांना जाड वायरने जोडा. पंप गुणगुणू लागला तर पंप आणि त्याची वायरिंग ठीक आहे.

दुसरे ते दोन सेन्सर. इंजिनाच्या मागच्या अंगाला, बेल हाउसिंगवर, फ्लायव्हीलच्या डोक्यावर ते शेजारी शेजारी बसतात. एक वेग सांगतो, दुसरा फ्लायव्हीलच्या प्रत्येक फेरीत ठरलेल्या जागी एक खूण देतो. या दोन्हींशिवाय कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही नाही. गाडी बंद पडल्यावर स्टार्टर मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. तो जरासाही उचलत नसेल तर संशय या सेन्सरांवर. तीन पिनांपैकी पहिल्या दोनांत ६०० ते १६०० ओहम यायला हवेत आणि तिसऱ्या, म्हणजे शिल्डच्या पिनेशी काहीही जोडलेलं दिसता कामा नये. हे मोजमाप गाडी बंद पडलेली असताना, गरम असतानाच करा. थंड सेन्सर सगळे आकडे बरोबर देतो आणि तुमची फसगत होते. त्यांचे प्लास्टिकचे कनेक्टर इंजिनाच्या उष्णतेने बिस्किटासारखे झालेले असतात, ओढताना तुकडे होतील ही तयारी ठेवा. नवे बसवलेत तर फ्लायव्हीलपासूनचं अंतर ०.८ मिलिमीटर ठेवा.

मध्येच एक सांगतो. टायमिंग बेल्ट कधी बदललाय याची लेखी नोंद मिळाली आहे का? या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. नोंद नसेल तर स्टार्टर मारमारून निदान करत बसू नका, आधी बेल्ट.

हे सगळं बरोबर निघालं तर मग तिसरा, कॉम्प्युटर. गाडी चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खोक्यावर हलके टिचकावा. इंजिन अडखळलं तर आतलं सोल्डर तडकलंय. टेबलावर काढून हेअर ड्रायरने एकेक भाग तापवून नेमका सांधा सापडतो. आतल्या एका चिपच्या पाठीवर काचेची खिडकी आणि तिच्यावर कागदी लेबल असेल. ते लेबल काढू नका. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश गेला की आतला प्रोग्रॅम पुसला जातो.

प्रश्न : १९९० ची निसान ३००झेडएक्स. ईसीयूवरच्या दिव्याने १३ आणि ४३ असे दोन कोड एकदम दिले. दोन्ही सेन्सर नवीन टाकले, कोड जात नाहीत. दोन सेन्सर एकाच वेळी जाणार नाहीत म्हणजे ईसीयूच गेला असं मेकॅनिकचं म्हणणं. (मेलबर्न)

दोन सेन्सर एकाच वेळी जाणार नाहीत, हे त्यांचं अर्धं वाक्य बिनचूक आहे. उरलेल्या अर्ध्यात मात्र आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. १३ म्हणजे कूलंटचं तापमान, ४३ म्हणजे थ्रॉटलची स्थिती. या दोघांत सामायिक काय आहे ते शोधा. ईसीयूकडे परत जाणारी सेन्सरांची अर्थची वायर त्यांच्यात वाटलेली असते आणि दोघांचेही पाच व्होल्ट ईसीयूच्या आतल्या पुरवठ्यातून येतात.

दोघांच्या सिग्नलच्या वायरवर व्होल्टेज मोजा, कनेक्टर जोडलेले ठेवून, मागच्या बाजूने पिन टोचून. दोन्ही पाच व्होल्टच्या जवळ चिकटलेले दिसले तर अर्थची वायर तुटली आहे. दोन्ही शून्याच्या जवळ असतील तर पाच व्होल्टचा पुरवठाच बसलाय. तो बसला म्हणजे ईसीयू मेला असं नाही. पाच व्होल्ट घेणारा कुठलाही एक सेन्सर किंवा घासून सोललेली एक वायर शॉर्ट झाली की सगळा पुरवठा खाली ओढला जातो. मीटर पाच व्होल्टच्या वायरवर ठेवून त्यावरचे सेन्सर एकेक करून काढत जा. एखादा काढताक्षणी आकडा उसळून पाचवर आला की तोच गुन्हेगार. सगळे काढले, कनेक्टरजवळची वायरिंगही सोडवली आणि तरी पाच व्होल्ट येत नाहीत, तेव्हा ईसीयू दोषी म्हणा. काम झाल्यावर कोड पुसून पुन्हा वाचा. या गाडीत ५५ आला की कुठलाही दोष नोंदलेला नाही.

एक विनंती: या कामाला दहा मेगाओहमचा डिजिटल मीटरच वापरा. बल्बचा टेस्टर ईसीयूच्या पिनांना लावू नका. बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा त्या पिनांनी कधी दिलेला नसतो.

प्रश्न : १९८८ ची कॉर्व्हेट. कधीकधी स्टार्टरच फिरत नाही, 'सिक्युरिटी'चा दिवा लागतो. ईसीएम (या गाडीचा ईसीयू) बदलून बघितला, फरक नाही. (ह्यूस्टन)

फरक पडणारच नव्हता. १९८६ पासून कॉर्व्हेटच्या किल्लीवर एक काळी गोळी असते. ती रेझिस्टर आहे, पंधरा ठरलेल्या किमतींपैकी एक. चोरी रोखणारं वेगळं मॉड्यूल ती किंमत वाचतं आणि जुळली नाही तर स्टार्टर अडवतं. गोळी स्वच्छ पुसा, मीटरने तिची किंमत मोजा आणि दुसऱ्या किल्लीशी ताडून बघा. किल्ली बरोबर असेल तर स्टीअरिंग कॉलममधल्या दोन केसाएवढ्या वायरी बघा. स्टीअरिंग वर-खाली करून त्या तुटतात.

जुना ईसीएम फेकला नसेल तर तोच परत बसवा. तो जिवंत आहे का हे बघायला डॅशबोर्डखालच्या बारा पिनांच्या कनेक्टरमध्ये ए आणि बी पेपरक्लिपने जोडा, किल्ली चालू करा, इंजिन नको. चेक इंजिनचा दिवा १२ हा कोड तीनदा दाखवेल: एक चमक, विराम, दोन चमका. इंजिन फिरत नसताना १२ येणं बरोबरच आहे, घाबरू नका. ५१ आला तर मेमरी चिप तिच्या सॉकेटमध्ये नीट बसलेली नाही किंवा खराब आहे. आधी काढून, पाय पुसून परत बसवा.

प्रश्न : जंपर केबल उलट्या लागल्या. ठिणगी उडाली आणि आता सगळं गप्प. ईसीयू गेला का?

बहुतेक नाही. आधी बॅटरीजवळचे मोठे फ्यूज आणि फ्युजिबल लिंक (फ्यूजसारखी वितळणारी वायर) बघा, मग अल्टरनेटरचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग). ईसीयूच्या दारातही अनेकदा अशा प्रसंगासाठीच एक डायोड ठेवलेला असतो, तो शॉर्ट होऊन स्वतः मरतो आणि फ्यूज उडवतो. फ्यूज बदलला की लगेच पुन्हा उडत असेल तर तोच बघा. वीस रुपयांचा भाग आहे.

प्रश्न : १९९१ ची मियाटा, इथला पाऊस तुम्हाला माहीत आहेच. पुढच्या प्रवासी बाजूचा गालिचा ओला होता, आता इंजिन तीनच सिलिंडरवर चालतं. जुना ईसीयू विकत घेऊ का? (सिॲटल)

किल्ली फिरवणं आजच्या आज थांबवा. तुमच्या गाडीत ईसीयू त्याच गालिच्याखाली, पत्र्याच्या झाकणामागे आहे. ओल्या बोर्डाला वीज मिळाली की दोन पायांमधलं तांबं विरघळतं, नुसतं भिजल्याने तेवढं नुकसान होत नाही. बॅटरी काढा, ईसीयू काढा, उघडा, आयसोप्रोपिलने धुवा आणि दोन दिवस उबदार कोरड्या जागी ठेवा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवं काही दिसलं तर तेही घासा. छताचं पाणी बाहेर नेणाऱ्या, सीटमागच्या नळ्या पानांनी तुंबतात, त्या मोकळ्या करा, आणि पाणी पुढे कुठून येतंय ते पाण्याचा पाइप धरून शोधा.

एक सिलिंडर बंद असण्याचं कारण इंजेक्टरचा कनेक्टर किंवा स्पार्कची वायरही असू शकते, ते आधी तपासा. जुना ईसीयू घ्यायची वेळ आलीच तर खोक्यावरचा भाग क्रमांक अक्षर न अक्षर जुळवा. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचे वेगळे असतात.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ईसीयू दुरुस्ती शिकायची आहे, पण सुरुवात कशावर करू? (पुणे)

गाडीच्या ईसीयूवर नको. जुन्या बाजारात जा, बंद पडलेले रेडिओ आणि टीव्हीचे बोर्ड किलोने मिळतील. मी कोल्हापुरात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात असाच शिकलो. पन्नास कपॅसिटर काढा आणि परत लावा, एकही पॅड न उचकटता. तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर शोषणारी वेणी, दहापट भिंग आणि एक चांगला मीटर, एवढं सुरुवातीला पुरे. प्रत्येक बोर्ड उघडल्यावर, हात लावायच्या आधी, दोन्ही बाजूंचे फोटो काढायची सवय आत्ताच लावून घ्या. पन्नास झाले की पत्र लिहा, पुढचं काय ते सांगेन.